आधी छप्पर, मग बुरशी

मे महिन्यात मी सिएटलजवळ भाच्याकडे गेलो, तेव्हा त्याने ब्लीचचे चार कॅन आणून ठेवले होते. मागच्या अंगणात फरच्या उंच झाडांखाली त्याने नुकताच जुना म्हणून स्वस्तात घेतलेला वीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर उभा होता. ट्रेलर म्हणजे गाडीमागे जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत पलंग, ओटा, शेगडी, एवढंसं न्हाणीघर. आधीच्या मालकाने तो तीन हिवाळे प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली गुंडाळून ठेवला होता आणि विसरून गेला होता. "मामा, दोन दिवसांचं काम आहे. फवारायचं, पुसायचं, झालं," भाचा म्हणाला. शिडी लावून छप्पर मात्र त्याने एकदाही पाहिलं नव्हतं.

दार उघडलं तर आत तोच वास, जो आषाढात न उघडलेल्या कपाटातून येतो. कुबट. बुरशी वाढताना जी वायुरूप रसायनं सोडते, त्यांचा हा वास. त्यातलं एक १-ऑक्टेन-३-ऑल. अळंबीला जो वास असतो तो मुख्यतः त्याचाच. पलंगाची गादी उचलली तर खालच्या फळीवर काळपट हिरवे गोल डाग. कपाटांच्या मागच्या बाजूला पांढरट बुरा. छताच्या एका कोपऱ्यात चहाच्या डागासारखा तपकिरी नकाशा.

काळा रंग पाहून भाचेसून दारातच थबकली. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत 'काळी बुरशी' हे शब्द आपल्या घराघरांत पोचले आणि ती धास्ती अजून गेलेली नाही. पण म्युकरमायकोसिस हा आजार करणाऱ्या बुरश्या वेगळ्या. त्यांच्यामुळे रक्तपुरवठा तुटून शरीराची ऊती काळी पडते. ती बुरशी स्वतः काळी नसते. भिंतीवरच्या काळ्या डागांत बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियमसारख्या साध्या बुरश्या असतात. 'विषारी काळी बुरशी' म्हणून अमेरिकेत जिची दहशत आहे, ती स्टॅकिबॉट्रिस. ती कोर्डा या शास्त्रज्ञाने १८३७ साली प्रागमध्ये घरातल्या भिंतीच्या कागदावरून नोंदवली होती. १९९० च्या दशकात क्लीव्हलँडमध्ये तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला, तेव्हा संशय हिच्यावर गेला. पुढे २००० साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, तो संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं, पण दहशत काही ओसरली नाही. रंग पाहून बुरशीची जात ठरत नाही आणि प्रयोगशाळेतून जात शोधून आणण्यासाठी पैसे घालवण्यातही अर्थ नाही, कारण कोणतीही निघाली तरी करायचं तेच असतं. याचा अर्थ ती निरुपद्रवी असा मात्र नाही. दमा, ॲलर्जी किंवा कमी झालेली प्रतिकारशक्ती असेल त्याने या कामात पडूच नये. भाचेसुनेला दमा आहे. तिला बाहेरचं काम दिलं, आणि खरं निदान शेवटी तिनेच केलं.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. तुम्ही हे वाचताय त्या खोलीतही आहेत. खाद्यही सगळीकडे असतं, कारण लाकूड, कागद, धूळ, काहीही तिला चालतं. तिला मिळत नसतं ते पाणी. म्हणून बंद ट्रेलरमध्ये बुरशी दिसली की पहिला प्रश्न हाच, की पाणी आलं कुठून.

वाटा दोन. एक बाहेरची: पाऊस. दुसरी माणसाला पटकन पटत नाही: ट्रेलर वापरात असताना आपल्याच श्वासातून. मी भाच्याला कागदावर हिशोब मांडून दाखवला. ट्रेलरमधली हवा साधारण २५ घनमीटर. २० अंश सेल्सियसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅमच्या आसपास बाष्प मावतं. म्हणजे सगळ्या ट्रेलरभर मिळून सव्वाचारशे ग्रॅम. झोपलेला माणूस रात्रभरात श्वास आणि त्वचेवाटे पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत सोडतो. दोन माणसं झोपली की अर्धा लिटर! खिडक्या घट्ट लावल्या तर हवेच्या पूर्ण क्षमतेइतकं पाणी एका रात्रीत दोघांनी ओतलं. त्यात सकाळचा चहा. शेगडीवर १०० ग्रॅम प्रोपेन जळला की १६० ग्रॅमहून थोडं जास्तच पाणी तयार होतं. ज्वलनाचं समीकरण मांडलं तर दहावीच्या मुलालाही हे काढता येईल.

हे बाष्प जातं थंड जागी. २० अंशांची हवा ६० टक्के दमट असेल तर १२ अंशांच्या पृष्ठभागावर तिचं दव पडतं. पण बुरशीला दवाचीही गरज नसते. तीच हवा १४ अंशांच्या भिंतीला टेकली की तिथली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर जाते, आणि तेवढं बहुतेक बुरश्यांना पुरतं. खिडकीची ॲल्युमिनियमची चौकट, कपाटाची मागची बाजू, गादीखालची फळी या तिच्या आवडत्या जागा. गादीतून शरीराचं बाष्प खाली झिरपतं, फळीखालच्या बंद कप्प्यात थंडी असते, मध्ये फळी भिजते. कोकणातलं कौलारू घर बंद असलं तरी कौलांच्या फटींतून श्वास घेत राहतं. ट्रेलर म्हणजे झाकण लावलेला डबा. वरून प्लास्टिकची ताडपत्री घातली की डब्यावर डबा.

आता ब्लीच. घरगुती ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट पाच ते आठ टक्के. उरलेलं बहुतेक पाणीच. फरशीवर, काचेवर ते काम करतं. लाकडावर मात्र हायपोक्लोराइट वरच्या थरातच खर्ची पडतं, डाग पांढरा होतो, आपण खूश होतो, आणि पाणी आत मुरतं, जिथे बुरशीचे तंतू वाट पाहत असतात. शिवाय मेलेली बुरशीही ॲलर्जी आणते, म्हणून ती मारून भागत नाही, काढावी लागते. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था ईपीए बुरशीसाठी सरसकट ब्लीच वापरू नका असंच सांगते. कठीण पृष्ठभाग साबणाच्या पाण्याने घासा आणि पूर्ण वाळवा, एवढाच तिचा सल्ला. आणखी एक धोका होता. भाच्याने ब्लीचशेजारी व्हिनेगरची मोठी बाटली आणि काचा पुसायचं अमोनियाचं द्रावण ठेवलं होतं, 'एकाने नाही गेलं तर दुसरं' म्हणून. ब्लीचमध्ये आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो, तोच जो पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, ईप्रच्या रणभूमीवर सोडला होता. अमोनिया पडला की क्लोरामाइन. दोन्ही फुप्फुसं जाळतात आणि २५ घनमीटरच्या डब्यातून पळायला एकच अरुंद दार. मी व्हिनेगर आणि अमोनिया स्वयंपाकघरात परत पाठवले आणि ब्लीचचे तीन कॅन दुकानात. एक ठेवून घेतला. त्याचं कारण ओट्याखाली होतं.

ओट्याखाली उंदराच्या लेंड्या होत्या. अमेरिकेत, त्यातही पश्चिमेकडे, ही गोष्ट बुरशीपेक्षा गंभीर. तिथल्या डिअर माउस जातीच्या उंदरांत हंताविषाणू असतो. १९९३ साली चार राज्यांच्या सीमा जुळतात त्या 'फोर कॉर्नर्स' भागात त्याने निरोगी तरुण माणसं मारली, तेव्हा तो ओळखला गेला. वाळलेल्या लेंड्या झाडल्या किंवा व्हॅक्यूमने ओढल्या की विषाणू धुळीबरोबर नाकात. म्हणून आधी दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबायचं. मग हातमोजे घालून एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं द्रावण त्यावर ओतायचं, पाच मिनिटं भिजू द्यायचं आणि कागदाने टिपून पिशवीत बंद करायचं. आमच्या ब्लीचचा उपयोग एवढाच झाला.

साफसफाईच्या आधी बॅटरी सोडवली, १२० व्होल्टची जोडणी काढली, गॅसची टाकी बंद केली. तोंडाला एन-९५ मास्क, डोळ्यांना भोकं नसलेला चष्मा, हातात रबरी मोजे. मास्क पाहून भाचा म्हणाला, हे तर कोविडमध्ये शिकलोय. त्याला सांगितलं, तुझी दाढी आहे तोवर हा मास्क शोभेचा. हवा केसांमधून आत येते. दोन दिवस चेहरा पाडून बसला, मग केली दाढी.

पंखा खिडकीत उलटा लावला, हवा बाहेर फेकणारा. आत वारा सोडला असता तर बीजाणू ट्रेलरभर उधळले असते. गाद्यांचा फोम फेकला. तो आतच पिशवीत बांधून मग बाहेर काढला. स्पंजात शिरलेली बुरशी धुऊन निघत नाही, कितीही जीव तुटला तरी. कापडी खोळी गरम पाण्यात धुतल्या. लॅमिनेट, काच, स्टील साबणाने घासलं. डाग आधी ओले करायचे आणि मग घासायचे, कोरडे खरवडायचे नाहीत. सगळं वाळल्यावर हेपा गाळणीच्या व्हॅक्यूमने फिरलो. ही गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते, साधा व्हॅक्यूम बीजाणू मागून परत हवेत सोडतो. ओझोन यंत्राची जाहिरात भाच्याने दोनदा दाखवली. बुरशीला मारेल इतका ओझोन फुप्फुसांनाही सोडत नाही, आणि डाग जागेवरच राहतो.

दोन दिवसांचं काम इथे अडलं. ओलावा मोजायचं यंत्र छताच्या कोपऱ्यात टेकवलं तर लाकडात २६ टक्के. २० च्या वर बुरशी परत येणारच. पुसून काय उपयोग?

भोक मात्र डागाच्या वर नव्हतं. पाणी छपरात शिरतं, लाकडी पट्टीवरून वाहत जातं आणि सोयीच्या जागी टपकतं. ट्रेलर दुरुस्त करणारे यासाठी एक छान युक्ती करतात: पंख्याने आत हवेचा दाब वाढवायचा आणि बाहेरून सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बादलीत शोधतात तसंच. आम्ही सगळी दारं-खिडक्या टेपने बंद करून घरगुती प्रयोग केला. भाचेसून शिडीवर, हातात ब्रश. छपरावर पाय द्यायचा नाही, खालचं लाकूड कुजलेलं असू शकतं. दुसऱ्या तासाला तिने हाक मारली, "मामा, लवकर या, इथे फुगे येताहेत!" झरोक्याच्या कडेचा सीलंट तडकला होता, डागापासून चांगला दीड मीटर लांब. आधीच्या मालकाने त्यावर सिलिकॉन थापलं होतं. रबरी छपरावर सिलिकॉन नीट धरत नाही, आणि त्याचा थर राहिला की दुसरं काहीच त्यावर चिकटत नाही. ते खरवडून काढून योग्य सीलंट भरण्यात सबंध शनिवार गेला.

आतून छताचा तेवढा तुकडा कापला, ओला काचतंतू फेकला, कुजलेली पट्टी बदलली. वाळायला तीन आठवडे लागले. यंत्राने १३ टक्के दाखवल्यावरच नवं प्लायवूड लावलं. कुठे बुरशी दहा चौरस फुटांहून जास्त पसरली असेल तर ईपीए म्हणते त्याप्रमाणे जाणकाराला बोलवावं; आमची त्या हद्दीच्या जेमतेम आत होती. आता गादीखाली हवा खेळेल अशी जाळी आहे, झोपताना छताचा झरोका बोटभर उघडा असतो आणि आर्द्रता मोजायचं लहानसं यंत्र ओट्यावर टांगलेलं आहे. काटा ५० च्या पुढे गेला की भाचा बेचैन होतो.

तुम्ही किंवा तिकडे राहणारं तुमचं कुणी असा जुना ट्रेलर घ्यायला निघालं असेल, तर एवढं करा. आत जाऊन दार लावा आणि नाकाने श्वास घ्या. सुगंधी फवारा मारलेला जाणवला तर तिथूनच परत फिरा. मग चारही कोपऱ्यांत, खिडक्यांखाली आणि न्हाणीघराच्या उंबऱ्याशी टाचेने जोर देऊन पाहा. जमीन लवली, तर फुकट मिळाला तरी घेऊ नका.