महाडीबीटीचा फॉर्म भरलात, पण बँक खात्याचं काय?

बारावीनंतर इंजिनिअरिंग, फार्मसीला प्रवेश घेतलेल्यांनो, हे नीट वाचा. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर फॉर्म 'मंजूर' दिसतो आणि तरी पैसे येत नाहीत, असं दरवर्षी कितीतरी मुलांचं होतं. अनेकदा कारण हे असतं: खातं आधारशी नुसतं जोडलेलं असून भागत नाही, ते डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) एनपीसीआयकडे, म्हणजे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाकडे, मॅप झालेलं लागतं. आणि आधारवर एका वेळी एकच खातं मॅप होतं. नंतर दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे संमती दिलीत, तर पैसे तिकडे वळतात. म्हणून आजच बँकेत जाऊन विचारा.

आता मुलींसाठी. 8 जुलै 2024 च्या शासन निर्णयानुसार कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क 100 टक्के माफ आहे. आधी ही सवलत 50 टक्के होती. मात्र प्रवेश कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला आणि खासगी अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. माझ्या मते अलीकडच्या काळातला हा सगळ्यात मोलाचा निर्णय आहे, आणि तो खेड्यापाड्यातल्या घरांपर्यंत अजून पुरता पोचलेला नाही.

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवा. फॉर्म भरल्यावरही लॉगिन करत राहा. त्रुटीसाठी परत आलेला अर्ज मुदतीत दुरुस्त केला नाही तर तो तसाच पडून राहतो. पुढे दरवर्षी नूतनीकरणही करावं लागतं.

तुमच्या ओळखीत यंदा कुणाची मुलगी कॉलेजला जात असेल, तर ही पोस्ट तिच्या आईवडिलांना पाठवा.