दोन जाहीरनामे आणि एक फाडलेला तक्ता

७ मे २०२४ रोजी मी पहिल्यांदा मत देणार होते. उत्तर गोवा मतदारसंघ, सत्तरी तालुका. आपल्या वाङ्मय मंडळातल्या बऱ्याच जणांची ही पहिलीच वेळ. म्हणून गेल्या बैठकीत ठरलं, की कुणीतरी पक्षांचे जाहीरनामे वाचून अंकासाठी लिहावं. "तू पेपर वाचतेस ना" एवढ्या कारणावर ते काम माझ्या गळ्यात पडलं.

काँग्रेसचं 'न्याय पत्र' ५ एप्रिलला आलं, भाजपचं 'संकल्प पत्र' १४ एप्रिलला. आपल्याकडे रिव्होल्युशनरी गोवन्सचे उमेदवारही रिंगणात होते, पण देशाचं सरकार बनवण्याची भाषा मुख्यतः पहिल्या दोघांची, म्हणून मी तेवढेच घेतले. वहीत उभी रेघ मारून दोन रकाने केले. आडव्या ओळी: शेती, रोजगार, महिला, आरोग्य. वाटलं, दोन संध्याकाळींचं काम आहे. तिसऱ्या दिवशी तक्ता फाडला.

कारण रकाने जुळेनात. आरोग्याच्या ओळीत काँग्रेस म्हणते २५ लाखांपर्यंत कॅशलेस विमा. भाजप म्हणते सत्तरीपुढच्या सगळ्यांना आयुष्मान भारतमध्ये घेऊ. शेतीत एकीकडे हमीभावाला कायद्याची हमी, दुसरीकडे हमीभाव वेळोवेळी वाढवू आणि पीएम-किसानचे वर्षाचे ६००० रुपये चालूच ठेवू. यात मोठं कुठलं नि लहान कुठलं? एक आंबा, एक फणस.

मग मी मराठीच्या विद्यार्थिनीला शोभेल तेच केलं. पेन्सिल घेऊन क्रियापदांखाली रेघा मारल्या. आणि खरं सांगते, तिथे पहिल्यांदा काहीतरी दिसलं. संकल्प पत्राची आवडती क्रियापदं म्हणजे चालू ठेवू, वाढवू, विस्तार करू, बळकट करू. न्याय पत्राची म्हणजे आणू, भरू, रद्द करू, हमी देऊ. २०२४मध्ये एक पक्ष दहा वर्षं सत्तेत होता, दुसरा दहा वर्षं बाहेर. एक चालू घराला मजला चढवतो, दुसरा नवा नकाशा दाखवतो. म्हणजे दोघांची परीक्षा एकाच प्रश्नपत्रिकेने घेता येत नाही. 'चालू ठेवू' म्हणणाऱ्याला विचारायचं, जे चालू आहे ते आमच्यापर्यंत पोचतंय का? आणि 'आणू' म्हणणाऱ्याला विचारायचं, तुमचं सरकार जिथे आहे तिथे आणलंत का?

हे तपासायला दिल्लीला जावं लागत नाही. मोफत धान्य आणखी पाच वर्षं देऊ, हे भाजपचं वचन आमच्या रेशन दुकानावर तपासता येतं. आणि माझी मावशी खानापूरला दिलेली आहे, तिला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला २००० रुपये मिळतात. तेव्हा काँग्रेसच्या 'महालक्ष्मी'बद्दल, म्हणजे गरीब कुटुंबातल्या बाईला वर्षाला एक लाख रुपये, मी आधी मावशीलाच फोन केला. ती म्हणाली, "येतात गो, पण कधी दोन महिन्यांचे एकदम." हेही लिहून ठेवलं.

आता रोजगार, कारण आमच्या घरात सगळ्यात जास्त वाद त्यावर होतो. माझा चुलतभाऊ बी.कॉम. आहे, वेर्णा औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर. दर सहा महिन्यांनी कंत्राट संपतं आणि काकूचा उपास सुरू होतो. न्याय पत्रात पदवी किंवा पदविका घेतलेल्या तरुणाला एका वर्षाच्या अप्रेंटिसशिपचा हक्क आहे, वर्षाला एक लाख रुपये. काकू खूश झाली. पण वाक्य पुढे वाचलं, तर वयाची अट २५च्या आत. दादा २६चा. संकल्प पत्रात मुद्रा कर्जाची मर्यादा १० लाखांवरून २० लाख करू असं आहे. काका खूश झाले. तिथेही वाक्य पुढे होतंच: ज्यांनी आधीचं 'तरुण' गटातलं कर्ज घेऊन फेडलं आहे, त्यांच्यासाठी. दादाने कर्ज घेतलेलंच नाही. दोन्ही ठळक मथळे दादाच्या डोक्यावरून गेले. उरली केंद्राची ३० लाख रिक्त पदं भरू ही काँग्रेसची हमी. ती पदं केंद्राची, देशभरातल्या मुलांशी स्पर्धा करून मिळवायची. पर्वरीच्या सचिवालयातल्या नोकरीशी त्यांचा संबंध नाही. दादा म्हणाला, "म्हणजे मी कुठल्याच पानावर नाही." मला उत्तर सुचलं नाही.

पैशाचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये सुब्रमण्यम बालाजी खटल्यात म्हटलं, की जाहीरनाम्यातलं वचन हा लोकप्रतिनिधित्व कायद्याखाली भ्रष्टाचार ठरत नाही. पण निवडणूक आयोगाने यासाठी मार्गदर्शक तत्त्वं करावीत. आयोगाने ती आचारसंहितेत घातली: वचनामागचं कारण सांगा आणि पैसा कुठून येणार ते ढोबळपणे तरी दाखवा. वर सांगितलेल्या वचनांशेजारी मात्र मला कुठेच आकडा दिसला नाही. तेव्हा आपणच करायचा. महालक्ष्मी एक कोटी कुटुंबांना द्यायची तर वर्षाला एक लाख कोटी रुपये लागतील. मोफत धान्याचा पाच वर्षांचा खर्च सरकारच्याच अंदाजाने ११.८० लाख कोटी आहे. आणि २०२४च्या अंतरिम अर्थसंकल्पाचा एकूण खर्च सुमारे ४७.६६ लाख कोटी. हे तीन आकडे शेजारी ठेवले, की दोन्हीकडची भाषणं जरा वेगळी ऐकू येतात.

तक्ता खरोखर जुळला तो एकाच ओळीत, समान नागरी कायद्याच्या. भाजप म्हणते आणणार. काँग्रेस म्हणते, व्यक्तिगत कायद्यांत सुधारणा व्हाव्यात, पण त्या त्या समाजाच्या सहभागाने आणि संमतीने. इथे फरक सरळ आहे आणि तो गोव्यातल्या आपल्याला इतरांपेक्षा जास्त कळायला हवा, कारण १८६७चा पोर्तुगीज नागरी कायदा आपल्याकडे मुक्तीनंतरही राहिला. माझ्या बाकावरच्या कॅथलिक मैत्रिणीच्या आईवडिलांनी आणि माझ्या आईवडिलांनी, दोघांनीही निबंधकाकडे सह्या केल्या. दोन्ही घरांत नवराबायकोची मालमत्ता सामायिक. पण आपल्या कायद्यातही काही समाजांसाठी अपवाद आहेतच. फेब्रुवारी २०२४मध्ये उत्तराखंडच्या विधानसभेने केलेला कायदा पुन्हा वेगळा. तेव्हा 'आणणार' वाचलं की पुढचा प्रश्न 'कुठला?' आणि 'संमतीने' वाचलं की पुढचा प्रश्न 'कुणाच्या?' समाजाची संमती म्हणजे त्यातल्या बायकांची धरायची की पुढाऱ्यांची, हे मला तरी विचारावंसं वाटतं.

शेवटचं म्हादईचं. ती आमच्या तालुक्यातून वाहते आणि उगम पावते मावशीच्या खानापूर तालुक्यात. लवादाने २०१८मध्ये कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाणी दिलं. तो वाद सर्वोच्च न्यायालयात आहे. डिसेंबर २०२२मध्ये केंद्रीय जल आयोगाने कर्नाटकाच्या कळसा-भांडुरा आराखड्याला मंजुरी दिली, तेव्हा दिल्ली, पणजी, बेंगळुरू तिन्हीकडे भाजपचंच सरकार होतं. बेंगळुरूने आनंद केला, पणजीने विरोध. पुढे २०२३मध्ये कर्नाटकात काँग्रेस आली. तिथलं म्हणणं बदललं नाही, आणि इथल्या काँग्रेसचंही नाही. चोर्ला घाटाच्या दोन्ही बाजूंना दोन्ही पक्ष आहेत आणि घाट ओलांडला की दोघांचीही भाषा बदलते. दोन पक्षांची तुलना करायला बसले होते. इथे एकाच पक्षाची त्याच्याशीच करावी लागली.

मावशीचं मतदानही ७ मेलाच. तिच्याकडे प्रचाराला आलेल्याने सांगितलं म्हणे, की पाणी आणणारच. आमच्याकडे त्याच पक्षाचा माणूस म्हणाला, एक थेंब जाऊ देणार नाही. पुढच्या रविवारी आमच्या वाड्यावर कोपरा सभा होती. मी प्रश्न लिहून ठेवला: निवडून आलात, तर लोकसभेत तुमच्याच पक्षाच्या कर्नाटकातल्या खासदारांसमोर उभं राहून हेच बोलाल का? बाबा म्हणतात, कोपरा सभेत असलं काही विचारायचं नसतं. आजी म्हणते, विचार, मी पुढच्या खुर्चीवर बसते.