हॉटेलात काम करणारा गडी झाला देशाच्या पहिल्या सिनेमाची 'राणी'!

दंडार असो की तमाशा, लुगडं नेसून नाचणारा गडी वऱ्हाडातल्या जुन्या लोकांसाठी नवा नाही. पण भारतातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या सिनेमाची नायिकाही पुरुषच होता, हे किती जणांना माहीत आहे? त्यांचं नाव अण्णा साळुंके.

बाई का मिळाली नाही?
दादासाहेब फाळके यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामती राणीसाठी बाई पाहिजे होती. पण त्या काळी बाईनं सिनेमात काम करणं म्हणजे घराची अब्रू जाणं. नाचगाण्यावर पोट भरणाऱ्या बायकाही तयार होईनात. शेवटी मुंबईत ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे साळुंके फाळक्यांच्या नजरेत भरले. अंगानं सडपातळ, हात नाजूक. हॉटेलात महिन्याला १० रुपये मिळायचे, फाळक्यांनी १५ देऊ केले, असं सांगतात.

आवाजाचं काय?
सिनेमा मुका होता, त्यामुळे पुरुषी आवाजाची अडचणच नव्हती. मधेमधे पडद्यावर हिंदी-इंग्रजीत लिहिलेल्या पाट्या यायच्या. बाकी सारं डोळ्यांनी, चेहऱ्यानं आणि हातवाऱ्यांनी सांगायचं. हरिश्चंद्राची गोष्ट लोकांना तोंडपाठ, म्हणून वाचता न येणाऱ्यालाही ती समजायची.

राम तेच, सीताही तेच
३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन थिएटरात हा सिनेमा लागला आणि गाजला. त्याच वर्षी फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या मायलेकींनी काम केलं. तरी पुरुषांनी लुगडं नेसणं लगेच थांबलं नाही. १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये साळुंकेंनी राम आणि सीता दोन्ही केले. भारतीय सिनेमातला हा पहिला डबल रोल मानतात. पडद्यावर राम आला की लोक चपला काढायचे, असं म्हणतात. पुढे साळुंके कॅमेऱ्यामागं गेले आणि छायाचित्रण करू लागले.

आजही पाहता येतं
'राजा हरिश्चंद्र'चे काही तुकडेच आज उरले आहेत. यूट्यूबवर नाव टाकलं की सापडतात. त्यात राणी सख्यांसोबत पाण्यात खेळताना दिसते. नीट पाहा, ओल्या लुगड्यातल्या त्या साऱ्या 'सख्या' पुरुषच आहेत. बाईला मनाई होती, म्हणून पहिल्या नायिकेचा मान एका हॉटेलवाल्या गड्याला मिळाला. त्यानं तो मन लावून निभावला.