शेकरूच्या पोटात अत्तराचा फाया

घोडेगावहून भीमाशंकरकडे निघालं की शिनोली लागते. पुढे डिंभे धरण, आणि त्याही पुढे शेकरूचं जंगल. या वाटेची आठवण म्हणून पॉलिमर क्लेचा बोटभर शेकरू घरीच करता येतो. तांबूस पाठ, झुपकेदार शेपूट, वर किल्लीची कडी. आणि हो, त्याला सुगंधही देता येतो! फक्त सुगंध ठेवायचा कुठे, एवढं कळलं पाहिजे.

नाव क्ले असलं तरी यात माती औषधालाही नाही. हे पीव्हीसी, म्हणजे पाण्याच्या पाइपाचंच प्लास्टिक, मऊ राहावं म्हणून प्लास्टिसायझर घातलेलं. ओव्हनमध्ये साधारण ११० ते १३० अंश सेल्सिअसला भाजलं की टणक होतं. त्याला छिद्रं नसतात, त्यामुळे वरून चोळलेलं अत्तर आत मुरत नाही.

भाजलेली खरी माती मात्र सुगंधाची खाण. उत्तर प्रदेशातल्या कनौजला मातीच्या भाजलेल्या चकत्या तांब्याच्या डेगेत पाण्यासोबत उकळतात आणि ती वाफ चंदनाच्या तेलात उतरवतात. झालं मिट्टी अत्तर, पहिल्या पावसाचा वास थेट कुपीत! या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव इझाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी १९६४ मध्ये दिलं. त्यातला मुख्य मानकरी जिओस्मिन. मातीतले जिवाणू तो तयार करतात, आणि एक लाख कोटी थेंब पाण्यात त्याचे पाच-दहा थेंब असले तरी आपल्या नाकाला कळतात. बिटाला मातकट वास येतो तोही याचाच.

क्लेमध्ये सुगंधी तेल मळलं तर? जरा जास्त झालं की गोळा लिबलिबीत होतो, आकार धरत नाही. शिवाय ओव्हनची आच आहेच. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन १७६ अंशांना उकळतं, पण त्याच्या बरंच आधी उडायला लागतं. स्वयंपाकघर घमघमतं आणि शेकरू कोरडा राहतो. लवंगेतलं युजेनॉल चिवट, ते २५४ अंशांना उकळतं. चंदनाचं तेल त्याहून चिवट, म्हणूनच कनौजवाले त्याचा आधार घेतात.

पूड बरी पडते. दालचिनी, लवंग किंवा कॉफी वस्त्रगाळ करून चिमूटभर मळायची. वास मंद येतो, पण तपकिरी ठिपके असे सुरेख उमटतात की शेकरूची पाठ वेगळी रंगवायला नको.

माझं मत मात्र फायालाच. भाजण्याआधी शेकरूच्या पोटात काडीने खोलगट भोक पाडा. भाजून पूर्ण गार झाला की अत्तरात बुडवलेला कापसाचा इवलासा फाया त्यात बसवा. जुनी रसिक मंडळी कानाच्या पाळीत खोचायची, तोच हा फाया. वास उडाला की बदला. उन्हाळ्यात वाळा, पावसाळ्यात मिट्टी, थंडीत हिना. एकाच शेकरूला तिन्ही ऋतू!

मुलांच्या प्ले-डोची गंमत तर और. भिंतीवरचा वॉलपेपर पुसायचा हा गोळा १९५६ मध्ये खेळणं म्हणून बाजारात आला, आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्याच्या वासालाच ट्रेडमार्क मिळाला. नोंदीत व्हॅनिला आहे, चेरीची छटा आहे आणि मीठ घातलेली कणीकही आहे.

आता दोन गोष्टी सांभाळा. पाकिटावर छापलेल्या तापमानाच्या वर जाऊ नका. पीव्हीसी करपलं की घशाला झोंबणारा घातक वायू सुटतो. आणि घरात रांगतं मूल असेल तर व्हॅनिला, स्ट्रॉबेरी असले खाऊचे वास नकोत, आणि शेकरूही त्याच्या हाताला लागू देऊ नका. पोर तो सरळ तोंडात घालेल.