शत्रू नसताना फुंकलेले रणशिंग

‘ल्यूपस’ म्हणजे लॅटिनमध्ये लांडगा. १८५१ मध्ये काझनाव्ह या फ्रेंच त्वचारोगतज्ज्ञांनी या विकाराच्या तांबूस, त्वचा खाणाऱ्या चट्ट्यांना ‘ल्यूपस एरिथेमाटोसस’ असे नाव दिले. त्वचारोगांचे काम करताना मला मात्र यात लांडगा दिसत नाही. दिसते ते आपल्याच सैन्याने आपल्याच गावावर केलेले आक्रमण.

त्याची सुरुवात अनेकदा उन्हापासून होते. अतिनील किरणांनी त्वचेच्या वरच्या थरातील काही पेशी मरतात. हे तुमच्याआमच्यातही घडते, पण शरीरातील सफाई-पेशी तो कचरा लगेच उचलतात. ल्यूपसमध्ये ही उचल रेंगाळते. मेलेल्या पेशींतील डीएनए आणि आरएनए उघड्यावर पडतात, रक्तातील प्रतिपिंडे त्यांना चिकटतात आणि ही गाठोडी ‘प्लाझ्मासायटॉइड डेंड्रायटिक’ नावाच्या पहारेकरी पेशी गिळतात. विषाणूचे जनुकद्रव्य ओळखणे हेच या पेशींचे काम. स्वतःच्याच डीएनएला विषाणू समजून त्या इंटरफेरॉन सोडू लागतात.

इंटरफेरॉन हे विषाणूविरुद्धचे रणशिंग. १९५७ मध्ये लंडनमध्ये आयझॅक्स आणि लिंडनमन यांनी ते शोधले. ते वाजताच त्वचेतील पेशी ‘केमोकाइन’ नावाचे दूत पाठवतात. त्यांच्या हाकेने टी-पेशी धावून येतात आणि बाह्यत्वचेच्या तळाच्या थरावर तुटून पडतात. आणखी पेशी मरतात, आणखी कचरा साठतो, रणशिंग आणखी जोरात वाजते. ऊन उतरून गेले तरी चट्टा का टिकतो, याचे उत्तर या चक्रात आहे.

हे दूत एकसारखे नसतात. संधिवातात टीएनएफ या दाहकारक रेणूला अडवणारी औषधे गुणकारी ठरतात. पण त्याच औषधांनी काही रुग्णांत ल्यूपससारखा विकार उद्भवतो. म्हणून चक्र नेमके कुठे तोडायचे, हे महत्त्वाचे. मलेरियासाठी वापरात आलेले हायड्रॉक्सीक्लोरोक्विन पहारेकरी पेशीच्या आतली चुकीची ओळखच मंदावते. २०२१ मध्ये अमेरिकेत सर्वांगीण ल्यूपससाठी मान्यता मिळालेले अ‍ॅनिफ्रोलुमॅब इंटरफेरॉनचा संदेश पेशीला ऐकूच येऊ देत नाही. आणि टोपी, छत्री, सनस्क्रीन ही साधी साधने पहिलीच कडी तोडतात.

माझ्याकडे येणाऱ्या कित्येक जणींनी हे चट्टे ‘वांग’ समजून दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम महिनोन्‌महिने चोळलेले असते. लाली तात्पुरती ओसरते, खरे निदान मात्र लांबते. चकत्यांच्या ‘डिस्कॉइड’ प्रकारात तेवढ्या काळात व्रण पडतात. डोक्यावर तिथे केसांची मुळे नष्ट झाली, की केस पुन्हा उगवत नाहीत. त्वचेच्या ल्यूपसमध्ये प्रत्येक वेळी आतले अवयव बिघडतातच असे नाही, पण बिघडले तर मूत्रपिंडाचा दाह बराच काळ मुका राहतो. म्हणून उन्हात वाढणारी, गाल आणि नाकावर पसरून नाकाच्या कडेच्या घड्या मात्र मोकळ्या सोडणारी लाली आठवड्यानंतरही हटत नसेल, तर मलमाआधी डॉक्टरांना दाखवावे आणि रक्ताबरोबर लघवीही तपासून घ्यावी.