ऐकणारं कुणी हवं

ईशान्य जपानमधल्या 2011 च्या त्सुनामीला 15 वर्षं झाली. दर 11 मार्चला दुपारी 2.46 वाजता तिथे माणसं हात जोडून स्तब्ध उभी राहतात आणि तेवढंच आपल्या वाहिन्यांवर दिसतं. वर्षभर चालणारं काम दिसत नाही. आपल्यावर गुदरलेलं आल्यागेल्याला सांगणारी माणसं तिथे गावोगाव आहेत. त्यांना ‘कातारिबे’ म्हणतात.

त्यातल्या तारो गावच्या योशी ताबाता आजींबद्दल लिहायलाच हवं. 1933 च्या त्सुनामीत त्या आठ वर्षांच्या होत्या. त्याआधीच्या, 1896 च्या लाटेच्या हकिगती सांगून आजोबांनी त्यांच्या मनावर ठसवलं होतं की धरणीकंप झाला की डोंगर गाठायचा. त्या वाचल्या. पुढे नातवंडांना कळावं म्हणून त्यांनी ती हकिगत ‘कामिशिबाई’त उतरवली. आपल्या पिंगुळीचे चित्रकथी जसे एकेक चित्र पुढे धरत कथा सांगतात, तसाच हा प्रकार. शाळकरी मुलांपुढे आजींनी ती अनेक वर्षं सांगितली. दरम्यान तारोनं दहा मीटर उंचीची भिंत बांधली. 2011 मध्ये लाट त्या भिंतीवरून आत आली. आजींचं घर गेलं, त्या पुन्हा वाचल्या आणि पुन्हा सांगू लागल्या. 2018 मध्ये त्या वारल्या. रियुसुके हामागुची आणि को साकाई यांच्या ‘नामी नो ओतो’ या माहितीपटाची सुरुवात त्यांच्याच कामिशिबाईनं होते. पुढे त्यात नवरा-बायको, बहिणी, सहकारी समोरासमोर बसून त्या दिवसाबद्दल एकमेकांशी बोलतात. आपल्याच माणसाला हे नीट विचारायचं राहून गेलं होतं, हे पाहताना जाणवतं.

सांगणं म्हणजे नुसतं सांत्वन, असं मात्र समजू नये. 2011 च्या त्याच लाटेत इशिनोमाकीच्या ओकावा शाळेतली 74 मुलं आणि दहा शिक्षक गेले. मागेच टेकडी असताना मुलांना सुमारे 50 मिनिटं पटांगणात थांबवलं गेलं होतं. पालक कोर्टात गेले, 2019 मध्ये शेवटचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. आज त्यांच्यापैकी काही जण शाळेच्या अवशेषांपाशी उभे राहून येणाऱ्यांना सगळं सांगतात. त्यात संताप आहे, आणि तो असायलाच हवा. आपलं लेकरू गेलं त्यातून दुसऱ्याचं वाचावं, हा त्या दुःखाला सापडलेला मार्ग आहे.

आपत्ती आली की ‘बोला, मोकळे व्हा’ म्हणत छावणीत शिरणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याच्या पद्धतीची संशोधकांनी तपासणी केली. तिनं मानसिक आघात टळत नाही, काहींना तर त्रासच होतो, असं आढळलं. म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही सांगते की बोलण्याचा आग्रह धरू नका. आधी पाणी, निवारा, नातलगांचा ठावठिकाणा. कधी आणि किती बोलायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं. ऐकणाऱ्यानं मात्र पुन्हा पुन्हा यावं. मला हे ऐकणाऱ्याचं काम जास्त अवघड वाटतं.

आपल्याकडेही हे काम बाकी आहे. किल्लारीच्या भूकंपाला, 30 सप्टेंबर 1993 च्या त्या पहाटेला, तीन दशकं उलटून गेली. गणपती विसर्जनाची रात्र उलटताना घरं कोसळली, हजारो माणसं गेली. तेव्हा तिशीत असलेले आज साठी ओलांडून गेलेत. लातूर-धाराशिवच्या शाळा, महाविद्यालयांनो, त्यांची इच्छा असेल तर त्यांच्यापाशी जाऊन बसा, मुलांना घेऊन जा आणि त्यांच्या परवानगीनं त्यांचं सांगणं ध्वनिमुद्रित करा. हे याच वर्षी सुरू करा.