उगवली नाही म्हणजे मेली का? गोकर्णाची बी आणि कंट्रोलचा धडा

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी घरच्या गॅलरीत गोकर्णाच्या २० बिया पेरल्या होत्या. थिसिसशी काही संबंध नव्हता, निळा वेल हवा होता इतकंच. तीन आठवड्यांत फक्त तीन उगवल्या. मी वहीत लिहिलं, "बियाणं खराब", आणि कुंडीतली माती कंपाउंडच्या कडेला ओतून टाकली. आई म्हणाली, "अगं, गणंग असतील त्या." मी लक्ष दिलं नाही. पुढच्या पावसाळ्यात त्याच कडेला गोकर्णाची रोपं वर आली!

म्हणजे माझं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष चुकला होता. २० पैकी १७ बिया उगवल्या नाहीत, हे खरं. पण "खराब" हे मी मनाने जोडलं. संशोधनात येऊ पाहणाऱ्या तुम्हा सगळ्यांसाठी आजची पोस्ट याच फरकाबद्दल आहे.

आधी वेलाची ओळख

गोकर्ण म्हणजे क्लायटोरिया टर्नेशिया. वाल, चवळी, मटकी यांच्याच शेंगवर्गीय कुळातला. या कुळाच्या बहुतेक फुलांत मोठी पाकळी वर असते आणि नावेसारखा भाग खाली. गोकर्णाचं फूल उलटं असतं. मोठी पाकळी खाली, आणि पुंकेसर व स्त्रीकेसर वरच्या बाजूला. त्यामुळे फुलात शिरणाऱ्या मधमाशीच्या पाठीला पराग लागतो. फुलाचा निळा रंग अँथोसायनिन गटातल्या रंगद्रव्यांमुळे येतो. फुलं गरम पाण्यात टाकून त्यात लिंबू पिळलं की निळं पाणी जांभळं होतं, ते याचमुळे.

गणंग म्हणजे नेमकं काय?

मटकी किंवा वाल रात्रभर भिजवले, की सकाळी दोन-चार दाणे खड्यासारखे टणक राहिलेले दिसतात. तेच गणंग. याला शास्त्रात भौतिक सुप्तावस्था म्हणतात. बीच्या सालीत उभ्या, लांबट पेशींचा दाटीवाटीने रचलेला थर असतो आणि तो पाणी आत जाऊ देत नाही. आतला भ्रूण जिवंत असतो, पण पाणीच मिळालं नाही तर तो जागा कसा होणार?

गंमत म्हणजे ही साल वाळताना आणखी घट्ट होते. हाइड या संशोधकाने १९५४ साली क्लोव्हर आणि ल्युपिनसारख्या शेंगवर्गीय वनस्पतींवर काम करून दाखवलं, की बी शेंगेला जिथे जोडलेली असते तो ठिपका, म्हणजे हायलम, झडपेसारखा वागतो. हवा कोरडी असली की तिथली फट उघडते आणि आतली ओल बाहेर पडते. हवा दमट झाली की फट मिटते. ओल बाहेर जाते, आत येत नाही.

रानातल्या वेलाला याचा फायदाच होतो. सगळ्या बिया पहिल्याच पावसात उगवल्या आणि नंतर महिनाभर पाऊस दडी मारून बसला, तर सगळा वंश संपला. काही बिया मागे राहिल्या तर पुढची संधी असते. माणसाने मात्र कडधान्यं शेतात आणली आणि एकदम उगवणाऱ्या बियाच पिढ्यानपिढ्या पेरल्या. म्हणून मटकीत गणंग मोजके सापडतात आणि गोकर्णात भरपूर.

आता प्रयोग नीट करू

इंटरनेटवर सल्ला मिळतो, "बी घासा, रात्रभर भिजवा, पेरा." बी उगवते. पण उपयोग घासण्याचा झाला की भिजवण्याचा? सांगता येत नाही. म्हणून चार गट करायचे:

१. काहीच न केलेल्या बिया (हाच कंट्रोल)
२. फक्त २४ तास भिजवलेल्या
३. फक्त घासलेल्या
४. घासून मग भिजवलेल्या

प्रत्येक गटात २५, म्हणजे एकूण १०० बिया. सगळ्या आधी एका वाटीत मिसळा आणि न बघता उचलून वाटा. आपण नकळत टपोऱ्या बिया आवडत्या गटात टाकतो, मीही टाकल्या आहेत. घासण्यासाठी पॉलिश पेपर पुरतो. हायलमच्या विरुद्ध बाजूला, सालीचा रंग जाऊन आतला फिकट भाग जरासा दिसेपर्यंतच घासायचं.

एका गटाच्या सगळ्या बिया एकाच डब्यात ठेवू नका. तो डबा वाळला किंवा त्यात बुरशी आली, तर तुम्ही उपचाराचा नाही, डब्याचा परिणाम मोजाल. पाच डबे घ्या, ओला टिश्यू पेपर अंथरा आणि प्रत्येकात चारही गटांच्या पाच-पाच बिया वेगवेगळ्या रांगांत ठेवा. टिश्यूवर "न भिजवलेल्या" बियांनाही पाणी मिळणारच, त्यामुळे इथे भिजवण्याचा प्रश्न "आधी भिजवल्याने वेगळा फायदा होतो का" एवढाच आहे. अशी मर्यादा स्वतःच लिहून ठेवायची सवय लावा, नाहीतर परीक्षक ती काढतातच.

मोजायचं काय, हेही आधी ठरवा. मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं की "उगवली". मुदत २१ दिवस. निकाल बघून मुदत वाढवायची नाही.

खरा प्रयोग २१व्या दिवशी सुरू होतो

जी बी उगवली नाही, ती टाकू नका. बोटाने दाबून बघा. मऊ पडली, बुरशी आली, तर मेली. टणक असेल तर आता ती घासा आणि परत ओल्या टिश्यूवर ठेवा. नंतर उगवली तर ती गणंग होती. घासल्यावर फुगली पण उगवली नाही, तर अडचण सालीची नव्हती. मी ओतून दिलेल्या मातीत नेमकी हीच माहिती होती. बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळांतही टणक बियांची नोंद मृत बियांपासून वेगळी करतात.

संख्येबद्दलही एक सांगते. एका गटात १० पैकी ७ आणि दुसऱ्यात १० पैकी ४ उगवल्या, तर फरक मोठा वाटतो. फिशरच्या एक्झॅक्ट टेस्टमध्ये पी-व्हॅल्यू साधारण ०.३७ येते, म्हणजे एवढ्या आकड्यांवर काही ठाम बोलता येत नाही. प्रमाणित उगवण चाचणीत ४०० बिया घेतात, ते उगाच नाही.

एक सावधगिरी

हा प्रयोग गुंजेवर करू नका. तीही शेंगवर्गीय वेल, बीही टणक, पण आत ॲब्रिन हे जहाल विष असतं. बी अखंड असेपर्यंत साल ते बऱ्याच अंशी आत धरून ठेवते, घासली की तेच संरक्षण जातं. खाजकुइलीच्या शेंगांनाही हात लावू नका, कारण विचारू नका!

माझ्या जुन्या वहीत "बियाणं खराब" अजून तसंच आहे. खोडलं नाही. त्याखाली तारीख टाकून लिहिलंय, "१७ उगवल्या नाहीत. कारण तपासलं नाही." लॅबमध्ये एखादा प्रयोग फसला की मी आधी हे दुसरं वाक्य लिहिते. तुमच्या वहीत असं एखादं "खराब" असेल, तर एकदा परत उघडून बघा. आणि घरी कुणी "गणंग असेल" म्हणालं, तर ऐका.